निविदेच्या मूल्यमापनाला आव्हान कसं द्यायचं

तांत्रिक लिफाफ्याचा, म्हणजे पात्रतेच्या कागदांचा, निकाल पोर्टलवर लागला आणि तुम्ही अपात्र ठरलात, किंवा पात्र ठरूनही गुण कमी पडले आणि काम दुसऱ्याला गेलं, तर आधी निविदा आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा. आर्थिक लिफाफा, म्हणजे दरांचा, उघडायचा आहे, उघडला आहे, स्वीकृतीपत्र गेलं आहे, की कार्यारंभ आदेश निघून जागेवर यंत्रं पोचली आहेत? तुमचा मुद्दा तोच राहतो, पण प्रत्येक टप्प्यागणिक त्याचं वजन घटत जातं. आर्थिक लिफाफ्याआधी आलेल्या पत्रावर कार्यकारी अभियंता फाइल थांबवून पुन्हा पाहू शकतो. दर उघडल्यावर मात्र तुम्ही काहीही लिहिलं तरी 'दर कळल्यावर सुचलेली तक्रार' असंच त्याकडे पाहिलं जातं. काम सुरू झाल्यावर उच्च न्यायालयही तुमच्या बाजूने हात घालायला फारसं तयार नसतं.

आणखी एक सीमा आधीच ओलांडून गेलेली असते. अटच अन्यायकारक होती, एकाच कंपनीला बसेल अशी लिहिली होती, ही तक्रार निविदा भरायच्या आधी, प्रीबिड बैठकीत किंवा लेखी प्रश्न विचारून करायची असते. अट मान्य करून निविदा भरली, हरलात, आणि मग अटीवर बोट ठेवलं तर ते कोणी ऐकत नाही. निकालानंतर हातात उरतो तो एकच प्रश्न: जे लिहिलं होतं त्याप्रमाणे सगळ्यांना सारखं मोजलं का?

पहिल्या दिवशी काय उतरवून घ्यायचं

वकिलाला फोन करायच्या आधी पोर्टल उघडा. राज्याचं महाटेंडर्स पोर्टल असो वा केंद्राचं ई-प्रोक्युअरमेंट पोर्टल, खालच्या गोष्टी त्याच दिवशी डाउनलोड करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा घ्या:

- मूळ निविदा सूचना, संपूर्ण निविदा दस्तऐवज आणि प्रत्येक शुद्धिपत्रक. शुद्धिपत्रकात अट बदललेली असते आणि समिती जुन्याच अटीवर मोजते, हे होतं. तुम्हीही जुन्या अटीवर कागद लावले असतील तर तेही आत्ताच कळेल.
- प्रीबिड प्रश्नांची उत्तरं. 'समान काम' म्हणजे काय याचा खुलासा बहुतेकदा इथेच असतो.
- तुमच्या निविदेची पोचपावती आणि तुम्ही चढवलेल्या फाइली, जशा चढवल्या तशाच. नंतर 'हा कागद होताच' हे सिद्ध करायला याच लागतात. ऑफिसच्या संगणकावरची सुधारित प्रत चालत नाही.
- लिफाफा उघडल्याचा सारांश, तांत्रिक मूल्यमापनाचा सारांश आणि दर उघडले असतील तर तुलनात्मक तक्ता.
- त्रुटीपूर्तीसाठी आलेली पत्रं, ईमेल, पोर्टलवरचे संदेश आणि त्यांना तुम्ही दिलेली उत्तरं.

काही निविदांमध्ये खात्याने ती सोय चालू ठेवली असेल तर भाग घेतलेल्या निविदाधारकाला उघडलेल्या इतर निविदांची कागदपत्रंही पोर्टलवर दिसतात. दिसत असतील तर लगेच उतरवून घ्या.

जेम, म्हणजे केंद्राच्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर घड्याळ आणखी वेगाने धावतं. तांत्रिक अपात्रतेवर हरकत नोंदवायची खिडकी तिथे फार थोडा वेळ उघडी असते आणि मुदत पोर्टलवरच दाखवलेली असते. ती चुकली तर पुढचं प्रत्येक पत्र 'पोर्टलवर हरकत का नोंदवली नाही?' या प्रश्नाने सुरू होतं. आधी तिथे दोन ओळींची का होईना हरकत टाका आणि कागद जोडा. सविस्तर निवेदन मागाहून द्या.

मुद्दा टिकणारा आहे का

इथे स्वतःशी कठोर व्हावं लागतं. मूल्यमापन चुकलं असं वाटायची कारणं दहा असतात. त्यातली टिकणारी तीन-चारच, आणि ती ओळखता येतात.

सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणजे न लिहिलेला निकष. निविदेत 'यंत्रसामग्री स्वतःची किंवा भाड्याची' असं लिहिलं असताना समितीने फक्त स्वतःच्या यंत्रांना गुण दिले, किंवा एका निकषाचे 20 गुण आतल्या आत चार उपनिकषांत वाटले आणि ते कुणाला सांगितलंच नाही. सरकारने स्वतः ठरवलेल्या निकषांना सरकार बांधलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये रमणा दयाराम शेट्टी खटल्यात स्पष्ट केलं आणि तेव्हापासून ते तत्त्व हललेलं नाही. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 173 मध्येही हेच आहे: मूल्यमापन दस्तऐवजात आधीच असलेल्या अटींवरच व्हावं, नवी अट मध्येच आणू नये.

दुसरा भक्कम मुद्दा दुजाभावाचा. तुमच्या मुखत्यारपत्रावर एक सही राहिली म्हणून तुम्ही बाद, आणि दुसऱ्याचं अनिवार्य प्रमाणपत्र मुदतीत नसतानाही तो पात्र. बन्सीधर कन्स्ट्रक्शन विरुद्ध भारत कोकिंग कोल या 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जवळपास अशाच परिस्थितीत तांत्रिक मूल्यमापन मनमानी ठरवून दिलेलं काम रद्द केलं. या निकालाचा धडा बारकाईने घ्या. तुमची त्रुटी किरकोळ होती एवढं म्हणून भागत नाही. त्याच छाननीत दुसऱ्याची त्याहून मोठी त्रुटी पोटात घातली गेली, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.

तिसरा, कागद होता पण पाहिलाच नाही. आणि चौथा, बेरीज-वजाबाकी किंवा सूत्र चुकलं. हे दोन्ही दिसायला क्षुल्लक वाटतात, पण कार्यालयातच सुटण्याची शक्यता यांचीच सगळ्यात जास्त, कारण चूक मान्य करताना कुणाच्या हेतूवर बोट येत नाही.

आता न टिकणारे. 'आमचं सादरीकरण सरस होतं', 'आम्हाला 15 पैकी 9 च का', 'आमचा अनुभव जास्त आहे'. तज्ज्ञ समितीने दिलेले गुण न्यायालय पुन्हा देत नाही. टाटा सेल्युलर (1994) पासूनची भूमिका अशी की निर्णय कसा घेतला ते न्यायालय तपासेल, निर्णयावर अपील ऐकणार नाही. संदिग्ध अटीचा अर्थ हाही कमकुवत आधार आहे. अफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो (2016) या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की निविदा ज्याने लिहिली त्यानेच लावलेला अर्थ सर्वसाधारणपणे मान्य करायचा, तुम्हाला पटला नाही तरी. तो अर्थ दुर्हेतूचा किंवा पूर्णपणे विपरीत असेल तरच हस्तक्षेप. म्हणून 'अटीचे दोन अर्थ निघतात आणि आमचा बरोबर' एवढ्यावर खटला उभा करू नका.

तुमच्या बाजूने खरोखरच कागद राहिला असेल तर प्रश्न उरतो तो अट मूलभूत होती की आनुषंगिक. पोद्दार स्टील (1991) मध्ये बयाणा रकमेचा, म्हणजे निविदेसोबतच्या अनामतीचा, धनादेश ठरवून दिलेल्या बँकेऐवजी दुसऱ्या राष्ट्रीयीकृत बँकेचा होता आणि तरीही निविदा चालली, कारण रक्कम सुरक्षित होती. पण हा निकाल ढाल म्हणून वापरताना जपून, कारण नंतरच्या निकालांत, विशेषतः सेंट्रल कोलफिल्ड्स (2016) मध्ये, बँक हमीचा ठरलेला नमुना न पाळल्यामुळे निविदा बाद होणं योग्य ठरलं. निविदेत 'हा कागद नसल्यास निविदा सरसकट नाकारली जाईल' असं वाक्य असेल तर आनुषंगिकतेचा युक्तिवाद जवळपास संपतो.

आकडे मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका

चूक झाली हे पुरेसं नाही. ती चूक दुरुस्त केली तर निकाल बदलतो हे दाखवावं लागतं. बहुतेक तक्रारी इथेच गळून पडतात.

गुणवत्ता आणि दर यांचा एकत्रित विचार होणाऱ्या, म्हणजे क्यूसीबीएस पद्धतीच्या निविदेचं उदाहरण घ्या. वजन 70:30. तुमचे तांत्रिक गुण 82, दर 1.90 कोटी. प्रतिस्पर्ध्याचे 88, दर 2.10 कोटी. सर्वात कमी दर तुमचा, म्हणून तुमचे आर्थिक गुण 100, त्याचे 1.90 भागिले 2.10 गुणिले 100, म्हणजे 90.48. तुमची बेरीज 57.40 अधिक 30, म्हणजे 87.40. त्याची 61.60 अधिक 27.14, म्हणजे 88.74. फरक 1.34. तांत्रिक गुणांचं वजन 0.7 असल्यामुळे हा फरक भरून काढायला तुम्हाला साधारण 1.92 तांत्रिक गुण हवेत. एखाद्या अनुभव प्रमाणपत्राचे 3 गुण चुकून नाकारले असतील तर निकाल उलटतो, 1 गुण असेल तर नाही. हा हिशेब निवेदनाच्या पहिल्या पानावर आला पाहिजे. आणि तो करण्याआधी दस्तऐवजात तांत्रिक गुण सर्वाधिक गुणांच्या प्रमाणात बदलून घ्यायचे आहेत का ते वाचा, कारण तसं असेल तर वरचं गणित बदलतं.

वजनांवरही नजर टाका. केंद्राच्या नियमांत सल्लागार सेवांसाठी गुणवत्तेचं वजन 80 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. बांधकामं आणि इतर सेवांसाठी क्यूसीबीएस वापरायची मुभा 2021 च्या सर्वसाधारण सूचनांनी दिली, पण तिथे ही मर्यादा 30 टक्के आहे. अर्थात हा मुद्दा निविदा भरण्याआधी मांडायचा.

बांधकामाच्या निविदांत वाद होतो तो निविदा क्षमतेवर, म्हणजे बीड कपॅसिटीवर. नेहमीचं सूत्र: ए गुणिले एन गुणिले 2, वजा बी. ए म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या सर्वात चांगल्या वर्षाची कामाची उलाढाल, एन म्हणजे या कामाची मुदत वर्षांत, आणि बी म्हणजे हातातल्या कामांपैकी या मुदतीत पूर्ण करायचं काम. समजा ए 6 कोटी, मुदत 18 महिने म्हणजे एन 1.5, आणि हातातल्या 9 कोटींच्या शिल्लक कामांपैकी 7 कोटींचं काम पुढच्या 18 महिन्यांत करायचं आहे. क्षमता 18 वजा 7, म्हणजे 11 कोटी. निविदा 10.40 कोटींची असेल तर तुम्ही पात्र. समितीने सगळी 9 कोटींची शिल्लक वजा केली तर क्षमता 9 कोटी आणि तुम्ही बाद. 18 महिन्यांऐवजी एन 1 धरला तर 5 कोटीच. दोन्ही चुका नेहमीच्या आहेत. पण बी सिद्ध करणारा तक्ता तुम्हीच दिलेला असतो. त्यात प्रत्येक कामाची शिल्लक मुदत लिहिलेली नसेल तर समितीने सगळी शिल्लक धरली याला तुम्ही चूक म्हणू शकत नाही.

समान कामाच्या अनुभवातही हिशेबच बोलतो. केंद्राच्या आणि अनेक राज्य निविदांत निकष असा असतो: मागच्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचं एक काम. भांडण लागतं ते सात वर्षं कोणत्या तारखेपासून मागे मोजायची, कामाची किंमत करासह की कराशिवाय, संयुक्त उपक्रमात तुमचा वाटा किती, आणि पोटकंत्राटाचा अनुभव धरायचा का यावर. याची उत्तरं दस्तऐवजात शोधा. तिथे नसतील तर तो मुद्दा कमकुवत समजा.

प्रतिस्पर्ध्याचे कागद

जिंकलेल्या निविदेतली खोट शोधायची तर ऐकीव माहितीवर जाऊ नका. सनदी लेखापालाच्या उलाढाल प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा 18 अंकी ओळख क्रमांक असतो आणि तो सनदी लेखापालांच्या संस्थेच्या पोर्टलवर पडताळता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर तो मुद्दा एका ओळीत मांडता येतो. कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून मिळतात. प्रमाणपत्रातली उलाढाल आणि ताळेबंदातली उलाढाल समोरासमोर ठेवा. अनुभव प्रमाणपत्र दुसऱ्या सरकारी खात्याचं असेल तर ते काम कोणत्या वर्षाचं, किती रकमेचं, हे त्या खात्याकडून माहिती अधिकारात मागवता येतं.

माहिती अधिकार उपयोगी आहे, पण तो वेगवान नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क 10 रुपये, अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत. अर्जात 'निविदेची सर्व माहिती' असं मागू नका. तांत्रिक छाननीचा तक्ता, निविदा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, गुणदान पत्रक आणि मंजुरीची टिपणी, अशी कागदांची नावं लिहा. प्रतिस्पर्ध्याच्या दरांच्या विश्लेषणासारखे कागद कलम 8(1)(ड) मधल्या व्यापारी गोपनीयतेखाली अडवले जाऊ शकतात, पण समितीने काय ठरवलं आणि का, हे सांगताना ती ढाल फारशी चालत नाही. अर्ज पहिल्या दिवशीच टाका आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत निवेदन मात्र थांबवू नका. महिनाभर थांबून न्यायालयात गेलात तर विलंब तुमच्याच अंगावर येतो.

निवेदन लिहिताना

निवेदन कोणाकडे द्यायचं ते दस्तऐवजातच असतं. नसेल तर निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याला द्या आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत पाठवा. महापालिकेत विषय स्थायी समितीपुढे जायचा असेल तर बैठकीच्या आधी आयुक्त कार्यालयाची पोच तुमच्या हातात असली पाहिजे. पोर्टल, ईमेल आणि आवक-जावक शिक्का, तिन्ही मार्गांनी द्या. फक्त ईमेल गेला आणि 'पाहिला नाही' असं उत्तर आलं तर पुढे पंचाईत होते.

नियम उद्धृत करताना कोणाला काय लागू आहे ते बघा. केंद्र सरकारची खाती आणि केंद्राच्या स्वायत्त संस्था यांना सर्वसाधारण वित्तीय नियम आणि त्यावरच्या खरेदी पुस्तिका लागू. त्या पुस्तिकांत, आपली निविदा चुकीने नाकारली गेली असं वाटणाऱ्या निविदाधारकाला लेखी म्हणणं मांडायचा हक्क दिलेला आहे. खरेदीची गरज, निवडीची पद्धत असे काही निर्णय मात्र त्यातून वगळले आहेत. राज्य सरकारच्या वस्तू खरेदीला उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाची नियमपुस्तिका लागू. जिल्हा परिषदेच्या अभियंत्यापुढे केंद्राचा नियम 173 आपटून काही होत नाही. त्याला बांधील करतो तो त्याचाच निविदा दस्तऐवज आणि राज्यघटनेतला समानतेचा अनुच्छेद 14.

भाषा कोरडी ठेवा. 'संगनमत', 'भ्रष्टाचार', 'हेतुपुरस्सर' हे शब्द पुरावा नसताना आले की समोरचा अधिकारी चूक दुरुस्त करायचं सोडून स्वतःचा बचाव करू लागतो. दोन पानं पुरतात. असा परिच्छेद चालतो:

'निविदा सूचनेच्या परिच्छेद 4.2 (क) नुसार मागील सात वर्षांत अंदाजित रकमेच्या किमान 80 टक्के किमतीचे एक समान काम पूर्ण केलेले असणे आवश्यक आहे. निविदेची अंदाजित रक्कम 4.40 कोटी रुपये असून तिचे 80 टक्के म्हणजे 3.52 कोटी रुपये होतात. आम्ही सादर केलेले काम पूर्णत्वाचे प्रमाणपत्र (लिफाफा क्र. 1, पृष्ठ 47) 3.62 कोटी रुपयांचे आहे. तांत्रिक मूल्यमापन सारांशात "समान कामाचा अनुभव अपुरा" एवढेच कारण नमूद आहे. सदर प्रमाणपत्र विचारात घेतले किंवा कसे याचा खुलासा व्हावा, आमची निविदा या अटीपुरती फेरतपासावी आणि निर्णय लेखी कळवेपर्यंत आर्थिक लिफाफा उघडू नये, ही विनंती.'

अट, आकडा, पान क्रमांक, दिलेलं कारण, मागणी. यापलीकडे काही नको. निवेदनात नवा कागद जोडून त्रुटी भरून काढायचा मोह आवरा. मुदतीनंतरचा कागद समिती घेऊ शकत नाही, आणि तुम्ही तो जोडलात म्हणजे मूळ निविदेत तो नव्हता याची कबुलीच दिलीत. आधीच दिलेल्या कागदाचं स्पष्टीकरण मात्र चालतं.

कारणं लेखी मागण्याचा आणखी एक फायदा आहे. मोहिंदर सिंग गिल (1978) प्रकरणापासून नियम असा की प्रशासकीय आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जातो, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं भरून त्याला बळ देता येत नाही. म्हणून पोर्टलवर जे कारण दिसतं ते गोठवून ठेवा. पुढच्या उत्तरात दुसरंच कारण आलं तर ती विसंगती तुमचा सर्वात चांगला मुद्दा होऊ शकते.

सार्वजनिक उपक्रमाच्या मोठ्या निविदेत सचोटी करार, म्हणजे दोन्ही बाजूंनी लाच न देण्या-घेण्याची हमी, असेल तर त्यात स्वतंत्र बाह्य निरीक्षकांची नावं असतात. तिथे लेखी तक्रार देता येते आणि तिला वजन असतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, लोकायुक्त, दक्षता आयोग हे मार्ग लाचेचा पुरावा असेल तेव्हाचे आहेत. मूल्यमापनातली चूक तिथे नेली तर ती महिनोन्‌महिने पडून राहते.

उच्च न्यायालयात जायचं तर

निवेदनाला उत्तर आलं नाही किंवा नकार आला आणि आर्थिक लिफाफ्याची तारीख किंवा कार्यारंभ आदेश तोंडावर असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका हाच खरा उपाय. मुंबई उच्च न्यायालयात अशा याचिका दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे येतात. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. निविदा काढणारं कार्यालय कोणत्या जिल्ह्यात आहे त्यावर कुठे जायचं ते सहसा ठरतं.

वकिलाकडे जाताना घेऊन जायचं ते असं: वर गोळा केलेलं सगळं, तारखांची एका पानाची यादी, निवेदन आणि त्याची पोच, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, भागीदारी असेल तर भागीदारांचं अधिकारपत्र, आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं. भाषांतरांना वेळ लागतो आणि तातडीच्या प्रकरणात नेमके तेच दोन दिवस वाया जातात. निविदा समितीचं मराठी इतिवृत्त हातात येताच भाषांतराला द्या.

यशस्वी निविदाधारकाला प्रतिवादी केलंच पाहिजे. ज्याचं काम जाऊ शकतं त्याला न ऐकता आदेश मिळत नाही आणि त्याला वगळल्याच्या मुद्द्यावरच याचिका फेटाळली जाते. त्याने आधीच कॅव्हेट, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये' असा अर्ज, लावलेलं असू शकतं. तसं असेल तर त्याला नोटीस दिल्याशिवाय अंतरिम आदेशाची अपेक्षा धरू नका. मागण्या साधारण अशा: अपात्रतेचा किंवा निवडीचा निर्णय रद्द करावा, निविदेतल्या निकषांनुसार फेरमूल्यमापनाचा आदेश द्यावा, आणि तोवर कार्यारंभ आदेश देऊ नये. दिला असेल तर तोही आव्हानात घ्यावा. काम आम्हालाच द्या, ही मागणी जवळपास कधीच मान्य होत नाही. जिंकलात तरी हाती येतं ते फेरमूल्यमापन किंवा फेरनिविदा.

न्यायालयापुढे दोन प्रश्न असतात, जगदीश मंडल (2007) मध्ये ठरलेले. निर्णय दुर्हेतूचा, कुणाला झुकतं माप देण्यासाठी किंवा कोणताही जबाबदार अधिकारी घेणार नाही इतका मनमानी आहे का? आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा येते का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमचा दर देतो. तुमचा दर विजेत्यापेक्षा 20 लाखांनी कमी होता हे पहिल्याच पानावर यायला हवं. तुमचा दर जास्त असेल तर सार्वजनिक हिताचा मुद्दा उलटतो, आणि तेव्हा याचिका करावी का याचाच पुन्हा विचार करा.

पायाभूत सुविधांच्या कामांत अंतरिम स्थगिती मिळणं विशेष अवघड आहे. विशिष्ट अनुतोष कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने आलेली कलमं 20ए आणि 41(एचए) रस्ते, पूल, पाणीपुरवठा अशा प्रकल्पांना विलंब होईल असा मनाईहुकूम देऊ नये असं सांगतात. रिट याचिकेत ती थेट लागू होत नसली तरी एन. जी. प्रोजेक्ट्स (2022) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा आधार घेऊन सांगितलं की मनमानी दिसली तरी काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईचा रस्ता दाखवावा. म्हणून रस्त्याच्या कामात स्थगितीवर सगळी भिस्त ठेवू नका. अंतिम सुनावणी लवकर घ्यावी आणि तोवरचं काम याचिकेच्या निकालाच्या अधीन राहील असा आदेश मागा. तो मिळण्यासारखा असतो.

अपवादही आहेत. रिलायन्स एनर्जी विरुद्ध महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ (2007) हे प्रकरण मुंबई पारबंदर प्रकल्पाच्या निविदेचं होतं. वाद होता भागीदार कंपनीचा रोख नफा कोणत्या हिशेब पद्धतीने मोजायचा याचा. नियमांत निश्चितता नसेल तर स्पर्धकांना समान पातळीवर उभं राहता येत नाही, असं म्हणत न्यायालयाने अपात्रता टिकू दिली नाही. तिथेही लढाई जिंकून दिली ती मोजमापाच्या नेमक्या पद्धतीने. 'आम्ही मोठी कंपनी आहोत' हा मुद्दा कुठेच नव्हता.

खर्चाचाही विचार करा. यूफ्लेक्स (2021) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निविदांवरच्या निरर्थक खटल्यांबद्दल नाराजी व्यक्त करत हरलेल्या पक्षावर खर्च लादला. पाच कमकुवत मुद्दे आणि एक भक्कम मुद्दा असेल तर पाच गाळा. युक्तिवादाला मिळणारी वीस मिनिटं कमकुवत मुद्द्यांवर गेली तर भक्कम मुद्दा ऐकलाच जात नाही.

याचिका चालू असताना कार्यालयाकडून निविदेची वैधता वाढवण्याचं पत्र आलं तर मुदतीत संमती द्या. वैधता संपलेल्या निविदेचं फेरमूल्यमापन होऊ शकत नाही आणि त्या एका कारणाने याचिका निरर्थक ठरते. बयाणा रक्कम परत आली तर 'याचिकेतील हक्क अबाधित ठेवून स्वीकारत आहोत' असं लेखी कळवा. मागितल्यास ती पुन्हा भरायची तयारी आहे, हेही त्याच पत्रात लिहा.